'महिला' म्हणजे नेमक्या कोणत्या? किनाऱ्यावरचा प्रकल्प आखताना

प्रस्तावात एक ओळ हमखास असते : "लाभार्थींपैकी ६० टक्के महिला". वर्षअखेरीस ती पूर्णही होते. त्या महिलांमध्ये कातकरवाडीतली एकही नाही, मोहल्ल्यातल्या मोजून पाच आहेत आणि कोळीवाड्यातल्या बहुतेक जणींच्या घरी आधीपासूनच होडी आहे, हे मात्र त्या ओळीतून कळायला मार्ग नसतो. ती ओळ फोडायची कशी आणि फोडल्यावर प्रकल्पात प्रत्यक्ष काय बदलायचं, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे.

परदेशी किंवा आंतरराष्ट्रीय निधीवर किनारपट्टीत काम करणाऱ्या छोट्या संस्था आणि बचत गटांसोबत फिरणाऱ्या कार्यकर्त्या डोळ्यांसमोर आहेत. उदाहरणाला एकच प्रकल्प घेऊ : बाणकोट खाडीच्या पट्ट्यातलं एक गाव, खेकडापालन, कालवं, तिसऱ्या (खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या) आणि सुकी मासळी यांतून बायकांचं उत्पन्न वाढवायचं आहे. गाव आणि त्याचे आकडे मनातले आहेत. अडचणी किनाऱ्यावर कुठेही भेटतील अशाच आहेत.

आधी शब्द

'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये वापरात आणला. मराठीत 'आंतरछेदिता' म्हणतात. शब्द जड आहे, पण ज्या खटल्याच्या चर्चेतून तो पुढे आला तो सोपा आहे. जनरल मोटर्सवर पाच काळ्या महिलांनी भेदभावाचा दावा लावला होता. १९७६ मध्ये न्यायालय म्हणालं, कंपनीने महिला घेतल्या आहेत आणि काळी माणसंही घेतली आहेत, मग भेदभाव कसला? घेतलेल्या महिला गोऱ्या होत्या, कार्यालयात. घेतलेली काळी माणसं पुरुष होती, कारखान्यात. काळी बाई दोन्ही रकान्यांच्या फटीत पडली.

आपल्याकडे ही गोष्ट फार आधी लिहून झाली आहे. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला. त्यात डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल आहेत. जात, गरिबी आणि बाईपण तिथे एकाच वाक्यात येतात. त्यामुळे गावात बोलताना परदेशी शब्दावर अडून बसायची गरज नाही. "महिलांची योजना कोळीवाड्यातल्या गटाकडे गेली, आदिवासींची योजना कातकरी पुरुषाच्या नावावर झाली, मग कातकरी बाईला काय मिळालं?" एवढा प्रश्न पुरतो.

एक चूक इथेच टाळा. आंतरछेदिता म्हणजे वंचितपणाची बेरीज नव्हे. बाई एक गुण, दलित एक गुण, विधवा एक गुण, असा तक्ता करून जिचे गुण जास्त ती पहिली, असं ठरवलं की घोटाळा होतो. पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या मासळीवालीच्या कनवटीला रोख पैसा असतो, ती लिलावात पुरुषांशी तोंड देते आणि एसटीने एकटी तालुक्याला जाऊन येते. तिच्याहून बऱ्या स्थितीतल्या, आंब्याची बाग असलेल्या घरातल्या सुनेला स्वतःच्या नावाचं बँकखातं नसू शकतं. अडचण कोणाची किती यापेक्षा कोणाची कुठली, हे शोधायचं आहे. उपाय त्यावरून ठरतो.

पहिली पायरी : वाड्यांचा नकाशा

कोकणातलं गाव एकसंध नसतं, ते वाड्यांचं असतं, आणि वाडी बहुधा जातीची किंवा धर्माची असते. कोळीवाडा, भंडारवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला, कातकरवाडी. दक्षिणेकडे गेलात तर गाबीत, खारवी, दालदी ही नावं येतात. म्हणून पहिली सभा घेण्याआधी नकाशा काढा. दोन जणांना दोन दिवस लागतात. त्यातली एक जण स्थानिक हवी, पण सरपंचाच्या घरची नको.

नकाशावर घरांच्या संख्येबरोबर हे टाका : पिण्याचं पाणी कुठून येतं आणि कोण भरतं, जेटी, मासळी सुकवायची जागा, खाडीत उतरायच्या वाटा, कांदळवनाची हद्द, रेशन दुकान, अंगणवाडी, मंदिर, मशीद, विहार. मग प्रत्येक वाडीपासून सभेच्या ठरलेल्या जागेपर्यंत एकदा स्वतः चालत जा. सभा देवळाच्या सभामंडपात असेल तर कोणत्या वाडीतल्या बायका पायरीशी थांबतात, ते बघायला वेगळं संशोधन लागत नाही. चवदार तळ्याचं महाड बाणकोट खाडीला मिळणाऱ्या सावित्रीच्याच काठावर आहे. अंगणवाडीची किंवा शाळेची खोली बहुतेक गावांत त्यातल्या त्यात बरी. तीसुद्धा कोणत्या वाडीत आहे ते पाहून घ्या.

एक नवी अडचण. वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. निर्णय योग्यच आहे, पण त्यामुळे ग्रामपंचायतीच्या यादीतलं नाव आणि तोंडातलं नाव वेगळं असू शकतं. जुन्या सर्वेक्षणाशी नवीन आकडे जुळवताना एकच वाडी दोनदा मोजली जाते किंवा सुटते. नकाशाच्या मागे दोन्ही नावांची जोडयादी ठेवा, आणि छापील अहवालात नवीनच नाव वापरा.

नकाशावर न येणारी माणसंही असतात. बोटींवरचे नेपाळी खलाशी आणि आंब्याच्या बागांत राखणीला राहिलेली नेपाळी कुटुंबं गावच्या कुठल्याच यादीत नसतात. बागेतल्या त्या घरातली बाई तर अजिबात नसते. तिला प्रकल्पात घ्यायचं की नाही हा निर्णय तुमचा. पण तो विचारपूर्वक घेतलेला असावा, नजरेतून सुटल्यामुळे झालेला नसावा.

दुसरी पायरी : पंचांग आणि भरती-ओहोटी

बहुतेक प्रकल्प इथे फसतात आणि अहवालात कारण लिहितात, "महिलांचा प्रतिसाद कमी". प्रतिसाद कमी नसतो. वेळ चुकलेली असते.

वर्ष आधी बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. लिलावावर जगणाऱ्या मासळीवालीचा धंदा त्या दोन महिन्यांत बसतो, पण शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईची लावणी नेमकी तेव्हाच असते. म्हणजे "पावसाळ्यात बायका मोकळ्या असतात" हे अर्ध्याच बायकांबद्दल खरं आहे. गणपतीच्या आधी आठ दिवस आणि शिमग्यात काही ठरवू नका. मार्च ते मे आंबा-काजूची मजुरी. बंदीच्या तोंडावर सुक्या मासळीला आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, मागणी असते, म्हणून सुकवणाऱ्या बायकांचे हात उन्हाळाभर गुंतलेले. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीला किंवा कोळशाच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निधी देणाऱ्यांचं वर्ष मात्र बरेचदा जानेवारीत सुरू होतं. पायाभूत सर्वेक्षण फेब्रुवारीत केलंत तर अर्धी कातकरवाडी कुलूपबंद सापडेल, आणि तक्त्यात 'अनुपस्थित' असा शेरा पडून ती घरं कायमची गळतील. तिथलं सर्वेक्षण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच करा आणि तसं प्रस्तावात लिहून घ्या. रमजान दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मोहल्ल्याचं वेळापत्रक मागच्या वर्षीच्या तारखांवर बेतू नका.

आता दिवस. खाडीत तिसऱ्या वेचणारी बाई घड्याळावर चालत नाही, ओहोटीवर चालते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. स्थानिक फरक पडतो, पण सभेची वेळ ठरवायला एवढं पुरे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, तितकंच खूप उतरतं, आणि खाडीचा तळ सर्वांत जास्त उघडा पडतो. तो पडतो सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. त्या तीन-चार दिवसांत संध्याकाळी पाचची सभा ठेवली तर तिसऱ्या-कालवंवाल्या येणारच नाहीत. त्यांची महिन्यातली चांगली कमाई तीच असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं उतरत नाही, सुकती दुपारी बाराच्या सुमारास. ते दिवस सभेला बरे. मासळीवालीचं गणित निराळं : सकाळी माल, दुपारपर्यंत फेरी, आणि हर्णैसारख्या बंदरावर संध्याकाळी पुन्हा लिलाव. दोघींना एकत्र बसवायचंच असेल तर अष्टमी-नवमीला दुपारी दोन ते साडेतीन. मोहल्ल्यातल्या बायका हव्या असतील तर शुक्रवार सोडून. हे सगळं भिंतीवरच्या पंचांगाच्या पानावर रंगीत पेनाने खुणा करून ठेवा.

तिसरी पायरी : लहान गटांत बोलणं

महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती जरूर वापरा, पण माहिती गोळा करायला नव्हे. तिथे ज्यांना बोलायची सवय आहे त्याच बोलतात. माहितीसाठी सहा ते आठ जणींचे गट हवेत, प्रत्येकी दीड तास, दोन बायका चालवायला : एक बोलणारी, एक लिहिणारी. गट धंद्याने आणि वाडीने पाडा. सासू आणि सून एका गटात नको. बोटमालकाची बायको आणि तिच्याकडे रोजावर मासळी निवडणारी एका गटात तर मुळीच नको. आपल्या गाडीचा ड्रायव्हर दाराशी उभा राहून ऐकत असेल तर त्याला चहाला पाठवा.

भाषेकडे लक्ष द्या. रायगडात जी चिंबोरी, ती सिंधुदुर्गात कुर्ली. छापील प्रश्नावलीतला 'खेकडा' सगळ्यांना कळतो, पण 'उत्पन्नाचे दुय्यम स्रोत' कोणालाच कळत नाही. कातकरी बायकांच्या गटात त्यांची बोली जाणणारी कोणी तरी हवीच. नाहीतर त्या 'हो' म्हणत राहतील आणि तुम्ही तेच लिहून घ्याल.

साधन एकच, पण नीट वापरा : चिंचोके. प्रत्येकीला २४ चिंचोके द्या, म्हणजे दिवसाचे २४ तास. जमिनीवर खडूने घरं आखा : झोप, पाणी, स्वयंपाक, मुलं आणि म्हातारी माणसं, खाडी किंवा बाजार, मजुरी, सभा-गट, स्वतःसाठी. चिंचोके ठेवताना बायका आपसात भांडतात, आणि खरी माहिती त्या भांडणात असते. "पाण्याला एकच? मग सकाळी तू विहिरीवर काय करत होतीस?" 'सभा-गट'च्या घरात कोणाचा चिंचोका पडतो आणि कोणाकडे तो शिल्लकच नाही, ते टिपा. खेकडापालनात खेकड्यांना रोज खाद्य घालावं लागतं आणि पिंजरे साफ करावे लागतात. त्याचे दोन चिंचोके कुठून उचलणार, हे तिथेच विचारा. बहुतेक वेळा हात झोपेच्या घराकडे जातो, किंवा मोठ्या मुलीच्या शाळेकडे. कॅरोलिन मोझर यांनी बायकांच्या तिहेरी कामाबद्दल, म्हणजे कमाई, घर आणि गावकी, जे मांडलं ते इतकं डोळ्यांसमोर दिसतं.

मग साधनांची चर्चा. लिंगभाव विश्लेषणाच्या १९८५ च्या हार्वर्ड चौकटीपासून चालत आलेला फरक अजून उपयोगी आहे : वापरायला मिळणं वेगळं, ताबा असणं वेगळं. होडी, जाळं, सुकवायची जागा, शीतपेटी, मोबाईल, घर, जमीन, यांतल्या प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न. तुम्ही वापरता का? उद्या विकायची ठरवलीत तर कोणाला विचारावं लागेल? दुसऱ्या प्रश्नावर गट शांत होतो. त्या शांततेत घाईने पुढचा प्रश्न विचारू नका.

अपंगत्व विचारताना "कुणी अपंग आहे का?" असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येतं, लोक फक्त दाखला असलेल्यांना मोजतात. अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न वापरा : बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं आणि बोलून समजणं-समजावणं यांत अडचण येते का, नाही, थोडी, खूप, की अजिबात जमत नाही. एकाही बाबतीत 'खूप' किंवा त्यापुढचं उत्तर आलं की ती व्यक्ती मोजायची. वर्षानुवर्षं चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या वयस्क बाईच्या गुडघ्यांचं दुखणं दाखल्यात येणार नाही, पण या प्रश्नांत येईल, आणि कालवांची दोरी कमरेइतक्या पाण्यात बांधायची की तराफ्यावरून, हे त्यावरून ठरेल.

चौथी पायरी : आकडा फोडणं

समजा १२० लाभार्थींपैकी ७२ महिला. ६० टक्के पूर्ण. आता वाडीप्रमाणे फोडा. कोळीवाडा ४१, भंडारवाडी १७, बौद्धवाडी ९, मोहल्ला ५, कातकरवाडी शून्य. पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नका, कारण वाड्या लहान-मोठ्या असतात. प्रौढ महिलांची संख्या शेजारी लिहा : अनुक्रमे २१०, १४०, ६०, १३०, ६०. मग कोळीवाड्यातल्या सुमारे २० टक्के बायका प्रकल्पात आहेत, भंडारवाडीतल्या १२, बौद्धवाडीतल्या १५, मोहल्ल्यातल्या जेमतेम ४.

बौद्धवाडीचे १५ टक्के पाहून हायसं वाटतं. अजून एकदा फोडा : कोणाला काय मिळालं? त्या ९ पैकी ८ जणींना फक्त दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालेलं असतं. पिंजरे, शीतपेट्या आणि तराफे कोळीवाड्यातल्या ४१ जणींकडे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पाण्यात उतरलेला पिंजरा एकाच रकान्यात मोजणं ही या क्षेत्रातली सर्वांत सोयीची लबाडी आहे. म्हणून तक्त्यात 'लाभ' हा एक रकाना नको. प्रशिक्षण, साधन, कर्ज आणि निर्णयाची जागा असे चार हवेत.

किती रकान्यांनी फोडायचं? लिंग, वाडी किंवा सामाजिक गट, वय, अपंगत्व, कुटुंबप्रमुख बाई आहे की नाही, आणि घरात होडी किंवा जमीन आहे का. सहा पुरे. जास्त केलेत तर तक्ता कोणी भरत नाही. वैवाहिक स्थिती वेगळी विचारायची असेल तर 'एकल' असा एकच पर्याय ठेवा. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित असं चारचौघांत वदवून घेणं क्रूर आहे. आणि ज्या खान्यात पाचापेक्षा कमी माणसं येतील तो आकडा बाहेर छापू नका. "मोहल्ला, एकल, अपंग : १" असं छापलंत की गावाला ती कोण ते लगेच कळतं.

पाचवी पायरी : पैसा

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थीला ठरलेल्या खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अनुदान आहे. हेतू चांगला, पण त्यातून दोन गोष्टी होतात. पहिली, उरलेले ४० टक्के आधी उभे करावे लागतात आणि अनुदान बहुधा काम झाल्यावर टप्प्याने येतं. ज्या घरात गहाण ठेवायला सोनं आहे तीच बाई हे करू शकते. दुसरी, २० टक्के जास्त मिळतात म्हणून अर्ज बायकोच्या नावाने होतो आणि धंदा नवऱ्याचा राहतो. शासकीय योजनेला जोडून आपला निधी वापरणाऱ्या संस्थांनी दोन्हींवर आधीच उपाय ठेवावा.

पहिल्यावर : स्वहिश्शाची रक्कम कातकरवाडी आणि बौद्धवाडीसाठी प्रकल्पातून फिरत्या निधीच्या रूपात द्या. परतफेड दरमहा समान हप्त्यात नको, हंगामाप्रमाणे हवी. स्थलांतराच्या महिन्यांत हप्ताच नाही. गट दहा जणींचाच हवा असा हट्ट धरू नका. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातही दुर्गम आदिवासी भागात आणि अपंगांच्या गटांना पाच सदस्यांची मुभा आहे. कातकरवाडीतल्या तयार सात जणींत तीन नावं कोळीवाड्यातून भरली, तर गटाची वही कोणाच्या घरी राहील ते सांगायला नको.

दुसऱ्यावर : नाव कोणाचं ते बघू नका, मोबाईल कोणाचा ते बघा. बँकेत जोडलेला क्रमांक नवऱ्याचा असेल तर ओटीपी त्याच्या खिशात वाजतो, आणि बाईला पैसे आल्याचं कळतं ते खर्च झाल्यावर. नोंदणीच्या दिवशी फॉर्म भरून झाला की तिथल्या तिथे त्या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या. कोणाच्या हातातला फोन वाजतो? हा तपास अर्ध्या मिनिटाचा आहे. फोन घरात एकच असेल तर क्रमांक बदलायच्या मागे लागू नका, त्यातून भांडण होतं. बँक सखीकडून पासबुक दर महिन्याला भरून घ्या आणि ते बाईच्या हातात द्या.

निधीच्या बाजूनेही एक गाठ आहे. विदेशी अंशदान कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून परदेशी पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे "स्थानिक महिला संस्थेला उपअनुदान देऊ" हे परदेशातल्या आराखड्यातलं लाडकं वाक्य इथे चालत नाही. त्या संस्थेशी भागीदारी करायची तर तिने स्वतः नोंदणी घेऊन थेट निधी मिळवावा, किंवा खर्च तुम्ही तुमच्या कार्यक्रमातून करावा. पाळणाघर, प्रवासभाडं, बुडालेल्या रोजाची भरपाई आणि बोलीभाषेची मदत हे खर्च सुरुवातीपासून कार्यक्रमाच्या ओळीत, स्वतंत्र नावाने लिहा. 'इतर' या ओळीत घातलेत तर पहिल्या काटछाटीत ते जातात, आणि त्यांच्याबरोबर कातकरी बायकाही.

सहावी पायरी : उद्दिष्ट आणि निर्देशक

ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीची, प्रकल्पांना लावायची लिंगभाव-खूण तीन अंकांची आहे. ० म्हणजे तपासलं, पण लिंगभाव समानता हे उद्दिष्ट नाही. १ म्हणजे महत्त्वाचं पण एकमेव कारण नाही. २ म्हणजे प्रकल्प मुळात त्यासाठीच. छोट्या संस्था हौसेने २ मागतात आणि मग अडकतात. कांदळवन किंवा उपजीविकेच्या प्रकल्पाला १ प्रामाणिक असतो, आणि १ ही स्वस्त नाही : लिंगभाव विश्लेषण झालेलं हवं, किमान एक स्पष्ट उद्दिष्ट आणि त्याचा निर्देशक हवा, आकडे लिंगनिहाय हवेत. हरित हवामान निधीचे प्रकल्प तर लिंगभाव मूल्यांकन आणि कृती आराखडा जोडल्याशिवाय पुढे सरकत नाहीत; सिंधुदुर्गाचा समावेश असलेला, २०१८ मध्ये मंजूर झालेला किनारपट्टी प्रकल्प त्याच निधीतला आहे.

निर्देशक लिहिताना गट आणि ताबा दोन्ही आणा. "६० टक्के महिला सहभागी" याऐवजी "दुसऱ्या वर्षाअखेर प्रत्येक वाडीतल्या किमान १० टक्के प्रौढ महिलांकडे उत्पादक साधन, आणि त्याच्या विक्रीचा हिशेब त्यांच्या हस्ताक्षरात किंवा अंगठ्यासह." "समितीत ५० टक्के महिला" याऐवजी "समितीच्या इतिवृत्तात महिलांनी मांडलेले आणि मंजूर झालेले ठराव, वाडीनिहाय." ग्रामपंचायतीत ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, खुर्ची आणि अधिकार यांतला फरक गावाला सांगावा लागत नाही.

मच्छीमार कोण, या व्याख्येवरही एक ओळ लिहा. सोसायटीच्या सभासद यादीत समुद्रात जाणारा पुरुष असतो. अन्न व कृषी संघटनेच्या लघु मत्स्यव्यवसायाविषयीच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मासेमारीच्या आधीचं आणि नंतरचं काम, म्हणजे जाळी विणण्यापासून सुकवणं-विकण्यापर्यंतचं, त्याच साखळीत धरलं आहे. ती व्याख्या प्रस्तावात घेतलीत तर वादळानंतर उपयोगी पडते. निसर्गसारख्या वादळानंतर पंचनाम्यात होडी आणि जाळं दिसतं. वाळत घातलेलं सुकट, पाट्या, वजनकाटा, शीतपेटी सहज सुटतं. गटातल्या प्रत्येकीच्या साधनांची यादी फोटोसह आधीच करून ठेवलेली असेल तर मागणी करायला कागद असतो.

सातवी पायरी : उलटलं तर

बाईच्या हातात पैसा आला की घरात ताण वाढू शकतो. पहिल्या सहा महिन्यांत गळती झाली तर 'रस नाही' असा शेरा मारण्याआधी एकटीला गाठून विचारा. घरगुती हिंसेचा प्रकार असेल तर मध्यस्थी तुम्ही करू नका. २००५ च्या कायद्याखालचा संरक्षण अधिकारी आणि १८१ ही हेल्पलाइन यांची माहिती कार्यकर्तीकडे लिहून हवी. जातीवरून अडवणूक झाली, म्हणजे बौद्धवाडीतल्या गटाची मासळी सामायिक ओट्यावर सुकवू दिली नाही, तर तो 'गटांतला वाद' नसतो. तसा तो नोंदवूही नका.

तक्रारी आपल्याच माणसांबद्दलही येतात. लाभार्थी यादी ज्याच्या हातात, त्याच्याकडे मोठी सत्ता असते. संस्थेत दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरोधी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेली तक्रारपेटी मात्र विसरा. चावी कोणाकडे आहे ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि लिहिता न येणारीला तिचा उपयोग नाही. तालुक्याबाहेरच्या एका बाईचा फोन क्रमांक द्या आणि तो पासबुकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

आठवी पायरी : आकडे परत नेणं

सहामाही तक्ता निधी देणाऱ्याकडे जाण्याआधी वाडीत जाऊ द्या. छापील नको. चिंचोक्यांचा खेळ झाला होता त्याच जागी, खडूने, घरं आखून. एका बाईमागे एक चिंचोका. फक्त त्या वाडीचे आणि गावाच्या एकूण बेरजेचे, म्हणजे नावं फुटत नाहीत. कातकरवाडीच्या घरात एकही चिंचोका नसेल तर ते घर रिकामंच ठेवा, पुसू नका. कोणी "हे चुकलंय, माझा पिंजरा दोन महिन्यांपूर्वी वाहून गेला, मी अजून यादीत कशी?" म्हणालं तर तिथेच चिंचोका उचला, तारीख लिहा, आणि दुरुस्त आकडा पाठवा, संख्या कमी झाली तरी.